गॅस आला, पण ऊब अजून धुराचीच

साताऱ्यात डिसेंबरच्या थंडीत आमच्या गल्लीतला पहिला बंब साडेपाचला पेटतो. अजून तांबडं फुटलेलं नसतं. कुणाच्या तरी परसात बंबफोडीचा तुकडा गुडघ्यावर मोडल्याचा आवाज येतो, मग कागदाचा बोळा, दोन करवंट्या, आणि पाचेक मिनिटांत खिडकीच्या फटीतून तो ओळखीचा वास घरात शिरतो. मला तो वास आवडतो. त्यात आजोळ आहे, दिवाळीची पहिली आंघोळ आहे, उटण्यात मिसळलेला धूर आहे. तरीही आज त्याच धुराविषयी लिहायचं आहे, कारण माझी आई तो चाळीस वर्षं छातीत घेत होती आणि ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

एकदा मी गल्लीत मोजलं. चौदा घरं, चौदा गॅस. कुणालाही विचारा, 'चूल आहे का हो तुमच्याकडे?' उत्तर येतं, 'छे, गॅस आहे की!' मग विचारा, 'आंघोळीचं पाणी कशावर तापतं?' तेव्हा सात घरं म्हणतात, 'ते बंबावर.' कोपऱ्यावर रात्री शेकोटी असते ती वेगळीच. खेड्यांत २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून सिलिंडर पोहोचला, भाकरी गॅसवर गेली, पण पाण्याचं तपेलं परसातल्या चुलीवरच राहिलं. भाकरीला गॅस जाळणं पटतं, पाण्याला जाळणं जिवावर येतं, आणि जळण तर शेतात फुकट पडलेलं असतं. तरीही धुराचा प्रश्न सुटला असं आपण धरून चाललो आहोत.

थंड देशांत लाकूड जाळून अख्खी खोली गरम ठेवतात. आपल्याकडे खोली कुणी तापवत नाही, आपण माणूस तापवतो. आंघोळीचं पाणी, शेकोटी, बाळंतिणीची शेगडी, ही आपली थंडीवरची तीन औषधं. तिन्हींत धुराच्या अगदी जवळ बसावं लागतं.

धूर म्हणजे काय, इथून सुरुवात करते. घरी एक प्रयोग करून पाहा. मेणबत्ती चांगली जळू द्या आणि फुंकर मारून विझवा. वातीतून पांढरी रेघ वर चढेल. त्या रेघेला, वातीपासून इंचभर वर, पेटती काडी लावा. ज्योत रेघेवरून खाली उडी मारते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. याचा अर्थ तो धूर म्हणजे न जळलेलं मेण होतं. लाकडाचंही असंच. लाकूड तापलं की त्यातून आधी वाफा सुटतात. त्या वाफांना पुरेशी उष्णता, पुरेशी हवा आणि पुरेसा वेळ मिळाला तर त्या पूर्ण जळतात, आणि उरतात फक्त कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. यांतलं काहीही कमी पडलं की त्या अर्धवट जळतात आणि थंड होताना त्यांचे बारीक थेंब आणि काजळीचे कण बनतात. डोळ्यांना झोंबतो तो हाच ऐवज. म्हणजे धूर निघणं याचा अर्थ आपण पैसे मोजून किंवा मोळी वाहून आणलेलं जळण वाया चाललं आहे.

बंब या बाबतीत फार दुर्दैवी यंत्र आहे. दिसायला देखणा, तांब्याचा, मधे नळी आणि भोवती पाणी. पण पहाटे त्यात सोळा-सतरा अंशांचं पाणी असतं. नळीची भिंत त्या पाण्याला टेकलेली, म्हणून पाणी उकळायला लागलं तरी ती शंभर अंशांच्या फार वर जात नाही. जाळ त्या थंड भिंतीला लागला की विझायला लागतो. बंब पेटवल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं धूर कोंडतो आणि पाणी तापत आलं की कमी होतो, त्याचं हे मोठं कारण. नळीच्या आत जमणारा काळा चिकट थर म्हणजे त्याच न जळलेल्या वाफा. लाकूड ओलं असेल तर आधी त्यातलं पाणी उडवण्यात उष्णता खर्च होते आणि धूर दुप्पट त्रास देतो.

आता जरा त्या धुराकडे नीट बघा. सकाळचं कोवळं ऊन परसात आलं की काळोख्या दारासमोरून जाणारा पातळ धूर निळसर दिसतो. आकाश निळं दिसतं त्याच नियमाने हे घडतं. प्रकाशाच्या लहरीपेक्षाही बारीक असलेले कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. म्हणजे निळा धूर दिसला की समजायचं, यातले कण फार बारीक आहेत. लाकडाच्या धुरातले बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षा लहान असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. हवेच्या बातम्यांत 'पीएम २.५' हा शब्द येतो, तो अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांसाठी. बंबाचा धूर जवळजवळ सगळाच त्यात मोडतो.

किती धूर म्हणजे जास्त? भारताच्या मानकाप्रमाणे चोवीस तासांच्या सरासरीत एक घनमीटर हवेत असे कण ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा १५ वर आणली. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, त्यामुळे आकडा डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून हिशेब करू. उघड्या चुलीत एक किलो लाकूड जाळलं की साधारण पाच ग्रॅम बारीक कण हवेत जातात. जळण आणि चूल यांप्रमाणे कमीजास्त होईल, पण अंदाज या आसपासचा. सकाळच्या पाण्याला दोन किलो जळण धरा, म्हणजे दहा ग्रॅम, म्हणजे एक कोटी मायक्रोग्रॅम. ते भारतीय मर्यादेपर्यंत पातळ करायला सुमारे १,६७,००० घनमीटर हवा लागेल. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत २८ घनमीटर हवा मावते. अशा जवळजवळ सहा हजार खोल्या! एका घराच्या एका सकाळच्या पाण्यासाठी.

उघड्यावर ती हवा मिळेल असं वाटतं. वाऱ्यावर मिळतेही. पण थंडीतल्या पहाटे मिळत नाही. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते, डोंगरउतारावरून घरंगळत दरीत येऊन बसते. वर तिच्यापेक्षा उबदार हवेचा थर. एरवी गरम धूर वर चढत राहतो, अशा पहाटे मात्र त्या उबदार थरापाशी पोहोचला की आसपासची हवा त्याच्यापेक्षा हलकी असल्याने तिथेच अडकतो आणि आडवा पसरतो. भांड्यावर झाकण ठेवावं तसं. जानेवारीत कधी सूर्योदयाच्या सुमारास अजिंक्यताऱ्यावर उभं राहून खाली पाहा. शहरावर राखाडी पट्टा इस्त्री केल्यासारखा सपाट पसरलेला असतो आणि वरची कडा रेघ मारल्यासारखी. वाई तर डोंगरांच्या वाटीतच बसलेली, कराड आणि सांगली कृष्णाकाठच्या सखल भागात. ऊन वर आलं, जमीन तापली, की नऊ-दहाच्या सुमाराला हे झाकण उघडतं. आपण बंब पेटवतो ते झाकण लागलेलं असताना, आणि तब्येतीसाठी फिरायला निघतो तेही त्याच वेळी. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी थंडीत ऊन पडल्यावर फिरायला जावं, असं मी माझ्या वडीलधाऱ्यांना हट्टाने सांगते.

आता शरीरात काय होतं ते पाहू. धूळ आणि धूर यांत फरक आहे. रस्त्याची धूळ, भुसा, पिठाचे मोठे कण नाकातल्या केसांत आणि घशाच्या ओलाव्यात अडकतात. शिंक येते, खाकरलं की बाहेर पडतात. श्वासनलिकेत अतिशय बारीक लव असते, ती कफाला सतत वर ढकलत असते. धुराचा बारीक कण मात्र या सगळ्या चौक्या चुकवून हवेबरोबर थेट फुप्फुसाच्या टोकाला, वायुकोशांत पोहोचतो. असे तीस कोटींहून जास्त वायुकोश आपल्याकडे असतात. ते सगळे उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांच्या फ्लॅटच्या फरशीएवढी जागा होईल. आणि इथे हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. प्राणवायू आत यावा म्हणून निसर्गाने तो इतका पातळ ठेवला आहे.

तिथे राखणदार पेशी असतात. त्या कण गिळतात. जंतू गिळला तर त्याला पचवतात, पण काजळी कशी पचवणार? मग त्या चिडतात, मदतीला हाक मारणारी रसायनं सोडतात, सूज येते. एका दिवसाची सूज उतरते. पण रोज पहाटे, वर्षानुवर्षं तेच घडत राहिलं तर नळ्यांच्या भिंती जाड होतात, कफ वाढतो, वायुकोशांचे पडदे झिजून फाटतात, आणि फाटलेले पडदे पुन्हा तयार होत नाहीत. यालाच सीओपीडी म्हणतात. गावात सगळे त्याला 'दमा' किंवा 'धाप' म्हणतात. पुण्यातले छातीविकारतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी यांनी ब्रिटिश तज्ज्ञ पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं की जगात धूम्रपान करणारे साधारण शंभर कोटी, पण लाकूड-शेणी-काटक्यांचा धूर घेणारे तीनशे कोटी, त्यामुळे या रोगाचं सर्वांत मोठं कारण विडी-सिगारेट नसून चूल असू शकेल.

पण फुप्फुसावरच थांबलं तर गोष्ट अर्धी राहते. ती सूज रक्तातही उतरते. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, धमन्यांचं अस्तर बिघडतं, त्यांत जमलेला चरबीचा थर अस्थिर होतो. घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगभरात ३२ लाख माणसं दगावली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतली ३२ टक्के हृदयविकाराने आणि २३ टक्के पक्षाघाताने. म्हणजे निम्म्याहून जास्त मृत्यूंत खोकल्याचा संबंधच दिसत नाही. थंडीत पहाटे एखादे काका छातीत कळ येऊन गेले तर आपण म्हणतो, थंडी बाधली. थंडीनेही ते होतं, पण त्या पहाटेच्या हवेत दुसरंही काही होतं हे कुणाच्या मनात येत नाही. याशिवाय मोतीबिंदू, कमी वजनाची बाळं, मुलांचा न्यूमोनिया यांचाही धुराशी संबंध आढळला आहे. आणि घरातल्या लाकडाच्या धुराला कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने 'कर्करोगाचं संभाव्य कारण' या गटात ठेवलं आहे.

बाळंतिणीच्या खोलीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. माझं पहिलं बाळंतपण माहेरी, कराडजवळच्या गावात झालं. मार्गशीर्ष महिना होता. माजघरातली छोटी खोली, खिडकीला जुनं धडपं लावून फट बुजवलेली, दार लोटलेलं. बाजेखाली इंगळांची शेगडी. रोज संध्याकाळी त्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून धुरी, आधी मला, मग बाळाला पायांवर घेऊन. आईचा आणि मावशीचा जीव त्यात ओतलेला असायचा. त्या दिवसांत माझं डोकं सतत ठणकायचं, मळमळायचं, उठलं की भोवळ यायची. 'अशक्तपणा हाय, व्हतंच,' मावशी म्हणायची. न्हाणीत मोकळ्या हवेत अर्धा तास बसलं की बरं वाटायचं, खोलीत आलं की पुन्हा सुरू. का, ते मला काही वर्षांनी वाचताना कळलं आणि अंगावर काटा आला.

निखाऱ्यांतून धूर निघत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण फुललेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना तो झोंबत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त ओढीने त्याला धरून ठेवतं. मग प्राणवायूला रक्तात जागाच उरत नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही पहिली लक्षणं. नंतर गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला ती गुंगी कळतही नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबं सकाळी उठलीच नाहीत अशा बातम्या दर थंडीत येतात, त्यामागे हाच वायू असतो. आणि बाळ? नवजात बाळ मिनिटाला ४० ते ६० श्वास घेतं. त्याचे बहुतेक वायुकोश तर जन्मानंतर तयार होत असतात. ज्या दिवसांत फुप्फुस घडत असतं, नेमक्या त्याच दिवसांत आपण त्याला धुरी देतो.

बाळंतिणीला ऊब हवीच. तेलाने अंग रगडणं, गरम पाण्याची आंघोळ, कानाला फडकं, शेकायला गरम पाण्याची पिशवी, बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वरून पांघरूण, या सगळ्याने ऊब मिळते. शेगडी आणि धुरी तेवढी त्यातून काढायची. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी आम्ही तेच केलं. मावशी दोन दिवस रुसली होती. 'आमी काय पोरं वाढवली न्हाईत व्हय?' तिचं दुःख मला कळत होतं, तिने खरंच वाढवली होती. पण जी वाचली ती आज आपल्यासमोर बसून बोलतात, जी गेली त्यांची आठवण कुणी काढत नाही. त्या काळी बाळं जायची, लोक 'डबा झाला' म्हणायचे, म्हणजे न्यूमोनिया.

धूर कमी केला की फरक पडतो का? याचं सर्वांत बोलकं उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या लॉन्सेस्टन शहराचं आहे. तेही दरीत वसलेलं, तिथेही थंडीत झाकण लागायचं. ६६ टक्के घरं लाकडाच्या शेगडीवर तापायची. २००१ पासून त्या बदलण्याची मोहीम झाली आणि प्रमाण ३० टक्क्यांवर आलं. हिवाळ्यातले धूलिकण, पीएम १० (म्हणजे दहा मायक्रॉन किंवा त्याहून लहान), घनमीटरला ४४ मायक्रोग्रॅमवरून २७ वर उतरले. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१३ साली आलेल्या अभ्यासात आधीची साडेसहा आणि नंतरची साडेसहा वर्षं ताडून पाहिली. हिवाळ्यात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी आणि श्वसनविकाराचे २८ टक्क्यांनी कमी झाले होते. त्याच बेटावरच्या होबार्ट शहरात अशी मोहीम नव्हती, तिथे तसा फरक दिसला नाही.

याच्या उलट बाजूही सांगायला हवी. 'हेपिन' नावाच्या मोठ्या प्रयोगात तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या सुमारे ३,२०० गरोदर बायकांपैकी निम्म्यांना गॅसची शेगडी आणि मोफत सिलिंडर दिले. चुलीवरच राहिलेल्या बायकांच्या श्वासातले बारीक कण ७० च्या आसपास होते, गॅस मिळालेल्यांचे २४ च्या आसपास. तरीही बाळांचं वजन किंवा न्यूमोनिया यांत म्हणावा तसा फरक पडला नाही. मग काय, धूर निर्दोष ठरला? तसं नव्हे. तो प्रयोग गरोदरपणात सुरू झाला आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत चालला. आईची त्याआधीची वीस वर्षं चुलीपुढेच गेलेली होती. आणि न्यूमोनियाची कारणं अनेक असतात, पोषण, लस, दाटी. तरी मला त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते, की एका घरात गॅस देऊन थोडक्या दिवसांत चमत्कार घडत नाही.

त्यामागे आणखी एक कारण आहे, ते सातारकरांना चटकन कळेल. कास पठारावर जाताना आधी यवतेश्वराचा खडा घाट लागतो, मग सपाट रस्ता. धुराचा आणि हृदयविकाराच्या धोक्याचा आलेख साधारण तसाच आहे. सुरुवातीच्या थोड्या धुरातच धोका झपाझप चढतो, पुढे धूर कितीही वाढला तरी चढ मंदावतो. बंद खोलीत चूल पेटवणारी बाई पठारावर खूप आत असते. धूर निम्मा केला तरी ती पठारावरच राहते, उंची थोडीच कमी होते. घाट उतरायला लागल्यावर खरी उतरण. म्हणून 'स्वयंपाक गॅसवर, फक्त पाणी बंबावर' यातल्या त्या 'फक्त'ला किंमत आहे. आणि स्वतःचा बंब विझवून शेजारचे सहा पेटत राहिले तरी आपण घाटाच्या वरच्या वळणावरच अडकतो. लॉन्सेस्टनने गल्ल्याच्या गल्ल्या बदलल्या, म्हणून तिथे आकडे हलले.

मग पाणी कशावर तापवायचं? हिशेब मांडते. आंघोळीची पंधरा लिटरची बादली २५ अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते. तुमच्या बिलातल्या दराने गुणून बघा. गॅसवर त्याच बादलीला पन्नास-साठ ग्रॅम गॅस पुरतो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अडीचशेच्या आसपास बादल्या. आणि छपरावर सौर बंब बसवला तर पहिल्या खर्चानंतर फुकट. ज्या निरभ्र आकाशामुळे रात्री दरीवर झाकण बसतं, त्याच आकाशातून दिवसभर आपल्याकडे ऊन पडतं. पावसाळ्यात त्याचा उपयोग कमी, पण तेव्हा निदान झाकण तरी नसतं. सोसायटीने, गल्लीने मिळून घेतला तर परवडतो.

गॅस गीझर घेणार असाल तर तो न्हाणीघराच्या आत कधीही लावू नका, बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर लावा. बंद न्हाणीघरात तोही कार्बन मोनॉक्साइड सोडतो आणि तरणीताठी माणसं त्यात गेली आहेत. पाण्यात सोडायचा विजेचा रॉड असेल तर बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला बोट लावायचं नाही.

बंब ठेवावाच लागत असेल, आणि अनेक घरांत तो ठेवावा लागतो, तर उघड्यावर, खिडकीपासून लांब. जळण गेल्या उन्हाळ्यातलं, खडखडीत वाळलेलं, बारीक फोडलेलं. एकदम गच्च भरण्यापेक्षा थोडं थोडं घालावं, म्हणजे वरच्या लाकडाच्या वाफांना जाळ मिळतो. पेटल्यावर तिथे वाकून बसू नका. आणि दुधाच्या पिशव्या, जुन्या चपला, रंग दिलेली फळी, सायकलचा टायर बंबात घालणं आजच थांबवा. प्लास्टिकच्या धुरातली विषं लाकडाच्या धुराहून कितीतरी घातक असतात. हे मी रोज पाहते आणि रोज जीव तुटतो, कारण घालणारी बहुतेक वेळा घरातली शाळकरी पोरं असतात.

पदर नाकाला लावल्याने हे कण अडत नाहीत, कापडाच्या विणीतली भोकं त्यांच्या शेकडोपट मोठी असतात. नीट बसलेला एन-९५ मास्क कण अडवतो, पण वायू अडवत नाही. गूळ खाल्ला की छाती साफ होते हे आपल्या गुळाच्या पट्ट्यात घरोघरी ऐकू येतं. गूळ पोटात जातो, धूर जिथे जातो तिथे तो पोहोचत नाही. आणि हायवेवर 'चुलीवरचं जेवण' अशी पाटी पाहून गाडी थांबवाल तेव्हा मागे जाऊन एकदा बघा, भाकरी थापणाऱ्या ताईंच्या डोक्यावर धुराडं आहे का. नसेल तर मालकाला तसं सांगा. गिऱ्हाईक बोललं तर तो ऐकतो.

शेवटी आईबद्दल. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती यांनी १९५० च्या दशकात एक विचित्र गोष्ट पाहिली होती. फुप्फुसाच्या आजाराने हृदयाची उजवी बाजू थकून जाणं, हा रोग विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत अपेक्षित होता. त्यांच्याकडे मात्र न ओढणाऱ्या बायका येत होत्या, आणि त्याही पुरुषांपेक्षा तरुण वयात. त्यांनी बोट ठेवलं ते चुलीच्या धुरावर. आज सत्तर वर्षं होत आली. अजूनही आईला दवाखान्यात पहिला प्रश्न विचारला जायचा, 'तंबाखू, मिश्री, विडी?' ती म्हणायची, 'न्हाई बाई, आमच्यात कुणी न्हाई.' विषय तिथेच संपायचा, आणि खोकल्याच्या बाटलीवर घरी यायची.

गेल्या हिवाळ्यात मी तिला स्पायरोमेट्री करायला नेलं. तुमच्याही घरात चढावर, जिन्यावर धाप लागणारं माणूस असेल तर ही तपासणी मागून घ्या. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात, छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळा जोर लावून बाहेर सोडायचा. एकूण सोडलेल्या हवेतली किती हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडली ते यंत्र मोजतं. श्वासनलिका रुंद करणारं औषध दिल्यानंतरही ती ७० टक्क्यांपेक्षा कमी भरली तर नळ्या कायमच्या अरुंद झाल्या आहेत असं डॉक्टर धरतात. 'फुंका, काकी, फुंका, अजून, अजून,' तिथली मुलगी म्हणत होती. आणि आईने ती नळी दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटले, मान थोडी तिरकी केली आणि गाल फुगवून फुंकलं, अगदी फुंकणीने बंब फुंकायची तसं.

पहिल्या सेकंदात अठ्ठावन्न टक्के. डॉक्टरांनी कागदावर धूम्रपानाच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. मग मी सांगितलं, त्यावर त्यांनी क्षणभर थांबून तिच्याकडे पाहिलं आणि 'नाही'च्या खाली पेनने आणखी एक ओळ लिहिली: चूल आणि बंब, चाळीस वर्षं.